वाढीचे वेळापत्रक आणि मोठ्यांची घाई

मनमाडच्या कोणत्याही वस्तीत, मग ती रेल्वेच्या चाळींची असो की गावातील जुन्या घरांची, तान्ह्या मुलाला न्हाऊ-माखू घालण्याचे काम अनुभवी हातांकडे असते. घरात आजी असते, नाही तर बाळंतिणीकडे महिना-दोन महिने येणारी बाई असते. तेलाने अंग रगडून झाले, डोके गोल करून झाले, शेक-शेगडी झाली, की मूल मुलगा असल्यास आणखी एक उपचार पुष्कळदा उरकला जातो. त्याच्या शिश्नाच्या टोकावरची कातडी बोटांनी मागे ओढली जाते. रोज थोडी थोडी मागे केली नाही तर ती चिकटून बसेल आणि पुढे ऑपरेशन करावे लागेल, असे बाळंतिणीला समजावले जाते. मूल कळवळून रडते, आईचा जीव वरखाली होतो. पण मोठ्यांच्या अनुभवापुढे तिचे काही चालत नाही. हिंदूंच्या, बौद्धांच्या, ख्रिस्ती घरांतही ही समजूत सारखीच दृढ आहे. ती प्रेमापोटी जन्मलेली आहे, यात शंका नाही. तथापि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ती चुकीची आहे, आणि ज्या संकटाच्या भीतीने हा उपचार केला जातो तेच संकट तो कधीकधी ओढवून आणतो.

जन्माच्या वेळी मुलग्याची अग्रत्वचा आणि तिच्याखालचा शिश्नमणी हे दोन सुटे अवयव नसतात. एका समाईक आवरणाने ते एकमेकांना जोडलेले असतात, जवळजवळ नख बोटाला जोडलेले असते तसे. हे आवरण वर्षानुवर्षे हळूहळू विलग होत जाते. झडलेल्या पेशी कातडीखाली साचून कधी पांढरट मोत्यासारख्या गाठी दिसतात. आई घाबरते, पू झाला असे वाटते, पण तो पू नव्हे, विलग होण्याच्या क्रियेचाच तो अवशेष असतो. लघवीच्या वेळी कातडीचे टोक क्षणभर फुग्यासारखे फुगते, तेही वाढत्या वयातील मुलांत सर्रास आढळते. लघवी मोकळी होत असेल आणि वेदना नसतील तर त्याला रोग म्हणत नाहीत.

ही क्रिया किती वर्षे चालते, याचा पहिला पद्धतशीर शोध इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी घेतला. १९४९ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे दिसून आले की, नवजात मुलांपैकी जेमतेम चार टक्क्यांची अग्रत्वचा पूर्णपणे मागे जाते. तीन वर्षांच्या वयापर्यंत नव्वद टक्के मुलांची कातडी सुटते, असाही अंदाज त्यांनी केला होता. तो मात्र फारच आशावादी ठरला आणि त्यानेच पुढे पुष्कळ गोंधळ केला. कारण तीन वर्षे उलटली, कातडी सुटली नाही, म्हणजे मुलात दोष आहे, असे पाठ्यपुस्तके वाचलेल्या डॉक्टरांनाही वाटू लागले. डेन्मार्कमधील याकोब ऊस्टर यांनी १९६८ मध्ये सहा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या वर्षानुवर्षे केलेल्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी सुमारे त्रेसष्ट टक्क्यांत त्वचा कोठे ना कोठे चिकटलेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण तीन टक्क्यांवर आले होते. मधल्या दहा वर्षांत या मुलांवर शस्त्रक्रियेची लाट आली नव्हती; वय वाढले होते, एवढेच. जपानमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ६०३ मुलांच्या पाहणीतही अकरा ते पंधरा वर्षांच्या गटात कातडी पूर्ण मागे जाणारी मुले सुमारे त्रेसष्ट टक्केच होती. म्हणजे उरलेल्या तिघांतल्या एकाला किशोरवयातही अजून थोडा वेळ हवा होता. निसर्गाचे हे वेळापत्रक प्रत्येक मुलाचे वेगळे असते. दात कोणाला सहाव्या महिन्यात येतो, कोणाला वर्षाने. म्हणून कोणी हिरडी फाडून दात बाहेर काढीत नाही.

कातडी बळाने मागे ओढली की नाजूक आवरण फाटते, रक्त येते, आणि जखम भरून येताना व्रण धरतो. व्रणाची कातडी ताणली जात नाही. अशा रीतीने जे नव्हते ते खरोखर निर्माण होते: आकुंचित, कडक, मागे न जाणारी त्वचा. दुसरा धोका याहून तातडीचा. ओढून मागे गेलेली कातडी पुढे आलीच नाही, तर ती मण्याच्या मागे दोरीसारखी आवळून बसते आणि सूज वाढत जाते. अशा वेळी काही तासांत रुग्णालय गाठावे लागते. हे ज्ञान पाश्चात्त्यांकडून आयात झालेले आहे, असेही नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात परिवर्तिका, अवपाटिका आणि निरुद्धप्रकश अशा तीन विकारांची वर्णने आहेत. कातडी मागे जाऊन अडकणे ही परिवर्तिका. ती फाटणे ही अवपाटिका, आणि तिच्या कारणांत बळाने त्वचा उलटवणे हेही सांगितले आहे. तोंड आवळून लघवीला अडथळा होणे हा निरुद्धप्रकश. या तिसऱ्यावर सुश्रुताचा उपाय काय? तुपाने माखलेली नळी हलकेच बसवायची आणि दर तीन दिवसांनी तिच्याहून थोडी जाड नळी घ्यायची. शल्यतंत्राचा जनक म्हणवणारा आचार्यदेखील येथे शस्त्र उचलण्याआधी सावकाश रुंदावण्याचा मार्ग सांगतो, ही गोष्ट परंपरेच्या नावाने ओढाओढ करणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

घरातील अज्ञानाचा हा भाग झाला. दवाखान्यातील अज्ञान, किंवा अज्ञानाहून वेगळे असे काही, हा त्याचा पुढचा भाग. मुलाला ताप आला म्हणून आई दवाखान्यात जाते. तपासताना डॉक्टर म्हणतात, कातडी मागे जात नाही, फायमोसिस आहे, सुंता करून घ्या. तालुक्याच्या गावी बालशल्यचिकित्सक मिळणे कठीण. नाशिकला जाऊन दुसऱ्याचे मत घ्यायचे तर एक दिवसाची रजा, गाडीभाडे आणि तपासणीची फी. कारकुनाच्या किंवा हमालाच्या घरात हा खर्च छोटा नसतो. मग पहिले मत हेच शेवटचे मत ठरते. अर्थशास्त्रात अशा व्यवहाराला नाव आहे: विक्रेत्याला वस्तूची पूर्ण माहिती, ग्राहकाला काहीच नाही, आणि वस्तूची गरज आहे की नाही हेही विक्रेत्यानेच ठरवायचे. वैद्यकात बहुसंख्य लोक प्रामाणिक असतात, म्हणून हा व्यवहार चालतो. परंतु प्रामाणिक माणसाचीही माहिती जुनी असू शकते.

या बाबतीत पैशाचा प्रभाव किती सूक्ष्म असतो, हे इंग्लंड आणि अमेरिका यांच्या तुलनेवरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही देशांत सुंता हा वैद्यकीय उपचार म्हणून रूढ झाला, आणि त्याची तेव्हाची कारणे आज वाचली तर हसू येते. न्यूयॉर्कचे लुईस सेयर या नामांकित शल्यचिकित्सकाने १८७० मध्ये सुंतेने एका मुलाचा पायांचा लुळेपणा बरा केल्याचे जाहीर केले होते. पुढे वाईट सवयींपासून अपस्मारापर्यंत सर्वांवर ती लागू पडू लागली. इंग्लंडमध्ये मध्यम व वरच्या वर्गांत ती चांगलीच पसरली. पण १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, रोग नसताना केलेल्या सुंतेचा खर्च सरकारने उचलला नाही, आणि पुढच्याच वर्षी गेर्डनर यांनी दाखवून दिले की इंग्लंड-वेल्समध्ये या शस्त्रक्रियेपायी दरवर्षी सुमारे सोळा लहान मुले दगावत आहेत. प्रथा काही दशकांत मावळली. इंग्रज मुले त्यामुळे अधिक आजारी पडली, असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेत विम्याचे पैसे मिळत राहिले आणि प्रथा टिकली. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९७१ मध्ये नवजात मुलांच्या सरसकट सुंतेला वैद्यकीय आधार नाही असे म्हटले होते. तरी रुग्णालयांचा शिरस्ता चालूच राहिला. गरिबांच्या मेडिकेड योजनेतून ज्या राज्यांत या शस्त्रक्रियेचे पैसे दिले जात होते, तेथील रुग्णालयांत तिचे प्रमाण न देणाऱ्या राज्यांपेक्षा चोवीस टक्के-बिंदूंनी अधिक असल्याचे २००९ मधील एका अभ्यासात आढळले. मुलांची शरीरे राज्याच्या सीमेवर बदलत नाहीत; बदलतो तो बिलाचा रकाना.

भारतात बिल भरणारा पक्ष अलीकडे बदलत आहे, म्हणून हा मुद्दा येथेही लागू होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी करायची आणि दोष आढळल्यास मोफत उपचार करायचे, ही योजना खरोखर उपकारक आहे; हृदयाला छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली कितीतरी गरीब मुले तिच्यामुळे बरी झाली. परंतु जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील शस्त्रक्रिया शिबिरांच्या ज्या बातम्या छापून येतात, त्यांत हर्निया, हायड्रोसील आणि खाली न उतरलेले अंडकोष यांच्या जोडीला फायमोसिसचेही नाव असते. आयोजकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि यांतील काही मुलांना शस्त्रक्रियेची खरी गरज असणारच. प्रश्न मोजमापाचा आहे. शिबिराचे यश किती शस्त्रक्रिया झाल्या यावर मोजले जाते. 'या मुलाला काही झालेले नाही, त्याला वाढू द्या', असे सांगून किती पालकांना परत पाठवले, याचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही. जे मोजले जात नाही ते कोणी करायला जात नाही, हा सरकारी कचेरीत एक वर्ष काढलेल्या कोणालाही ठाऊक असलेला नियम आहे.

खरा रोग कसा ओळखायचा, हेही सांगितले पाहिजे. नाही तर एका टोकाच्या अज्ञानाची जागा दुसऱ्या टोकाचे अज्ञान घेईल. कातडीच्या तोंडाशी पांढरट, कडक, व्रणासारखे कडे दिसणे. पूर्वी मागे जाणारी कातडी पुन्हा आवळत जाणे. लघवी थेंबथेंब किंवा कुंथून होणे. वारंवार सूज, पू, ताप येणे. लघवीच्या मार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे: यांपैकी काही असेल तर मुलाला तज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे. तेथेही शस्त्रक्रिया हा पहिला उपाय असतोच असे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सौम्य स्टेरॉइड मलम चार ते आठ आठवडे लावल्यास बहुसंख्य मुलांची आवळलेली त्वचा सैल होते. पांढऱ्या कडक व्रणाच्या विकारात मात्र सुंता हाच बहुधा योग्य उपचार ठरतो, आणि तेथे टाळाटाळ करणे हाही अपराधच. स्वच्छतेचे म्हणाल तर ती फार सोपी आहे. लहानपणी बाहेरून पाण्याने धुणे पुरे. कातडी आपोआप सुटू लागली की मुलाला स्वतःच ती हलकेच मागे घेऊन धुण्यास व पुन्हा पुढे आणण्यास शिकवावे. पाणीटंचाईने वर्षानुवर्षे गाजलेल्या मनमाडमध्येही एवढे पाणी घरोघरी असते.

सुंतेच्या बाजूचे युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. सुंता झालेल्या अर्भकांत मूत्रमार्गाचा संसर्ग कमी आढळतो, हे खरे आहे. पण २००५ मधील एका संकलित अभ्यासानुसार निरोगी मुलांत असा एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १११ मुलांची सुंता करावी लागते, आणि हा संसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील प्रयोगांत प्रौढ पुरुषांना स्त्रियांकडून होणारी एचआयव्हीची लागण सुंतेमुळे सुमारे साठ टक्क्यांनी घटली, आणि त्यावरून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील रोगग्रस्त प्रदेशांसाठी तिची शिफारस केली. ही शिफारस स्वेच्छेने पुढे येणाऱ्या पुरुषांसाठी होती, आणि जेथे हा रोग सर्वसामान्य लोकांत पसरला आहे अशा देशांसाठी. भारतात प्रौढांतील प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पाच वर्षांच्या मुलाला ज्या धोक्याशी अजून दहा-पंधरा वर्षे काही देणेघेणे नाही, त्याच्यासाठी आजच कात्री चालवण्याची निकड त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकन अकादमीने २०१२ मध्ये लाभ धोक्यांहून अधिक असल्याचे म्हटले. पण सरसकट शिफारस तिनेही केली नाही. धोक्यांचा हिशेब असा की, २०१० मधील एका जागतिक आढाव्यात अर्भकांच्या सुंतेत गुंतागुंतीचे मध्यक प्रमाण दीड टक्का, तर एक वर्षावरील मुलांत सहा टक्के आढळले. बहुतेक गुंतागुंती किरकोळ असतात. एकुलत्या एक मुलाच्या आईला हा शब्द पुरेसा वाटेल का, हा प्रश्न राहतोच.

येथवर चर्चा शरीराची झाली. परंतु आपल्या देशात ही कातडी केवळ शरीराचा भाग राहिलेली नाही. नेताजी पालकरांचे १६६७ मध्ये औरंगजेबाने धर्मांतर करविले, आणि १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रायश्चित्त देऊन त्यांना स्वधर्मात परत घेतले. शरीरावरची खूण माणसाला कायमचे बांधू शकत नाही, हे महाराष्ट्राने साडेतीनशे वर्षांपूर्वी पाहिले. तरीही फाळणीच्या दंगलींत आणि त्यानंतरच्या कितीतरी दंगलींत पुरुषांना विवस्त्र करून त्यांचा धर्म तपासला गेला, आणि त्यावर त्यांचे जगणे-मरणे ठरले. म्हणूनच हिंदू घरात डॉक्टरांनी सुंता सुचवली की बाप रोगापेक्षा शेजाऱ्यांना अधिक भितो, आणि मुसलमान घरात कोणी या विधीविषयी प्रश्न विचारला की तो धर्मावरचा हल्ला वाटतो. दोन्ही भीती मुलाच्या प्रकृतीशी संबंधित नाहीत. पण निर्णय त्यांच्या छायेत होतात.

मराठी भाषक समाजात हा विधी पाळणारे केवळ मुसलमान नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल, ज्यांना शेजारी शनवार तेली म्हणत, जन्मानंतर आठव्या दिवशी मुलाची सुंता करीत आले. बाकी यहुदी जगाशी संबंध तुटले असतानाही त्यांनी जपलेल्या थोड्या खुणांपैकी ही एक. मुसलमानांत कुराणात या विधीचा स्पष्ट उल्लेख नाही, तो परंपरेने आलेला आहे. कोकणी मुसलमान ज्या शाफिई पंथाचे, तो पंथ त्यास अनिवार्य मानतो, तर देशावरच्या बहुसंख्यांचा हनफी पंथ त्यास सुन्नत म्हणतो. वयाचे बंधन एकच नाही. शतकानुशतके हे काम वस्तऱ्याने करणारे कारागीर वेगळे होते. आता मालेगावसारख्या शहरांत आणि मनमाडातही पुष्कळ कुटुंबे डॉक्टरांकडे जातात. हा बदल कोणत्याही कायद्याने घडवलेला नाही. आयांनी तो घडवला.

म्हणूनच कायद्याने बंदी घालावी, या मागणीविषयी सावध राहणे बरे. जर्मनीत कोलोन येथील न्यायालयाने मे २०१२ मध्ये धार्मिक सुंता ही मुलाला केलेली शारीरिक इजा ठरवली. देशभर वादळ उठले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने वैद्यकीय नियमांनुसार केलेल्या सुंतेला कायद्याचे संरक्षण दिले. केरळच्या उच्च न्यायालयापुढे मुलांच्या सुंतेला बेकायदा ठरवण्याची याचिका आली होती. केवळ वृत्तपत्रीय बातम्यांवर ती आधारलेली असल्याचे सांगून मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. भारतीय न्याय संहितेचे २७ वे कलम बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. 'हित' या शब्दात धर्माचे हित येते की फक्त प्रकृतीचे, हा वाद खरा आहे आणि तो आज ना उद्या होईल. मुलाचे शरीर मुलाचेच आहे आणि परत न येणाऱ्या गोष्टीचा निर्णय त्याला विचारून व्हावा, या युक्तिवादात नैतिक बळ आहे. ते नाकारता येत नाही. परंतु आजच्या वातावरणात बंदीचा कायदा एका समाजाला दिलेली शिक्षा ठरेल, आणि भीतीपोटी हा विधी दवाखान्यातून पुन्हा अंधाऱ्या खोलीत जाईल. मुलाचे त्यात नुकसानच आहे. हा प्रश्न त्या त्या समाजातील शिकलेल्या पालकांनी, विशेषतः आयांनी, आपल्या घरात आणि आपल्या धर्मगुरूंपुढे विचारायचा आहे. शासनाला मात्र एवढे निश्चित करता येईल की विधी करायचाच असेल तर तो नोंदणीकृत डॉक्टरने, भूल देऊन, निर्जंतुक साधनांनी आणि मूल निरोगी असतानाच करावा. रक्त न गोठण्याचा विकार घराण्यात आहे का, एवढा एक प्रश्न आधी विचारला तरी काही जीव वाचतील.

इतरांच्या विधीवर तावातावाने बोलणाऱ्या घरांनी या निमित्ताने आपल्या न्हाणीघरातही डोकावावे. तेथे रोज सकाळी जी ओढाताण चालते, तिला ना धर्माचा आधार आहे, ना शास्त्राचा. गरोदरपणातच आईच्या हाती जे माता-बाल संरक्षण कार्ड पडते, त्यात लसींच्या तारखा असतात, वजनाचा आलेख असतो. मुलाची कातडी ओढू नये, ती मोठेपणापर्यंत आपोआप सुटते, अशा दोन ओळींना तेथे जागा सापडणे कठीण नाही; आणि बाळंतिणीला भेटायला येणारी आशा कार्यकर्ती त्या ओळी आजीसमोर मोठ्याने वाचून दाखवील, तर निम्मे काम होईल. उरलेल्या निम्म्यासाठी शाळा तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागेल: फायमोसिसच्या शंकेने आलेली, पण शस्त्रक्रियेची गरज नसल्याने पालकांना समजावून घरी पाठवलेली मुले किती. जिल्ह्याच्या मासिक बैठकीत त्या आकड्याचीही शस्त्रक्रियांच्या आकड्याइतकीच विचारपूस व्हावी.